बाभूळ, मेंढरू आणि कोळसा



माझ्या लहानपणी परटाच्या इस्त्रीत आणि लोहाराच्या भात्यापुढे एकच कोळसा पेटत असे, तो बाभळीचा. तो कोठून येतो, हा प्रश्न तेव्हा मनाला शिवला नाही. पुढे इतिहासाच्या वाटेने गेल्यावर ध्यानात आले की, त्या कोळशामागे कुऱ्हाडीइतकेच मेंढराचेही श्रेय आहे.

धारवाडच्या पश्चिमेस कलघटगी-हल्याळकडील पानझडी जंगल आहे, तर पूर्वेस नवलगुंदची काळी जमीन. काळ्या रानात बाभूळ फोफावते. उन्हाळ्यात गवत करपले की शेळ्यामेंढ्या तिच्या शेंगांवर जगतात. बी कठीण कवचाचे असते. जनावराच्या पोटातून गेलेले बी पावसात लवकर रुजते. म्हणूनच वनखात्याची जुनी माणसे शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यांतून बी गोळा करीत. जे जनावर पाला ओरबाडते, तेच झाड पेरतेही! मात्र कोवळे रोप काही वर्षे त्याच जनावरापासून राखावे लागते. तोड, विसावा आणि चराई हा क्रम पाळला तर रान टिकते. स्पेनमधील ओकच्या कुरणांतही डुकरे झाडाखालची फळे खातात आणि छाटलेल्या फांद्यांचा कोळसा होतो. झाड उभेच राहते.

हा क्रम मोडतो तो हावेने. मातीच्या भट्टीत एक मण कोळशासाठी पाच ते आठ मण लाकूड जळते. 1939 ते 1945 च्या युद्धकाळात पेट्रोलची टंचाई झाली आणि मोटारगाड्या कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. अशा मागणीपुढे रानाला विसावा कोण देणार? त्यापूर्वीच, 1878 च्या वनकायद्याने, राखीव जंगलांतला हा निर्णय सरकारच्या हाती गेला होता.

त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याने दिले. 1984 साली कर्नाटक पल्पवुड लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. सुमारे 30,000 हेक्टर सरकारी जमिनीवर रेयॉनच्या लगद्यासाठी निलगिरी लावण्याचा बेत होता. त्याच जमिनींवर गावांची गुरे चरत व सरपण मिळे. निलगिरीचा पाला गुरे खात नाहीत. 14 नोव्हेंबर 1987 रोजी कुसनूर येथे, जे गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते आणि 1997 पासून हावेरीत आहे, समाज परिवर्तन समुदायाच्या पुढाकाराने लोकांनी निलगिरीची रोपे उपटली व त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडे लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे ‘उपटा आणि लावा’, हे त्या सत्याग्रहाचे नाव. 1991 साली कंपनी गुंडाळण्याचा निर्णय झाला.

कुसनूरचे लोक झाडाच्या विरुद्ध नव्हते. आपल्या रानात कोणते झाड असावे, हे आपल्याला विचारले जावे, एवढेच त्यांचे मागणे होते. कोळसा रानाचा शत्रू नाही, मेंढरूही नाही. ज्याचे जनावर तेथे चरते, त्याच्या हाती विसाव्याचा निर्णय असेल, तर भट्टीही पेटेल आणि बाभूळही पुन्हा उगवेल.