खळ्यावरून क्रीडांगणाकडे

लहान मुलाला खेळ शिकवावा लागत नाही, असे आपण सगळेच म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु आखलेले मैदान, पंचाची शिट्टी, वयोगट आणि शेवटी मिळणारी ढाल या गोष्टी मात्र मोठ्या माणसांनी मुलांच्या खेळात आणल्या. त्या केव्हा व कशा आल्या हे पाहू लागलो, म्हणजे शहर आणि खेडे यांच्यामधला एक जुना हिशेब उलगडू लागतो. तो आज आपणांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

हुतुतू, आट्यापाट्या, खो-खो हे आपले खेळ पूर्वी खळ्यावर, नदीच्या वाळूत, देवळापुढच्या पटांगणात चालत. नियम गावागणिक निराळे असत. तंटा उपस्थित झाला तर पोरेच तो मिटवीत. कुस्तीला मात्र तालीम होती, वस्ताद होता, आणि लाल मातीचा एक धर्म होता. हे चित्र आपणांस गोड वाटते. पण ते निर्दोष होते असे समजण्याचे कारण नाही. तालमीचे दार मुलींना बंद होते, आणि गावकुसाबाहेरच्या पोराला गावच्या खळ्यावर बरोबरीची जागा नव्हती.

१९०६ साली पुण्यास डेक्कन जिमखाना निघाला. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी जिमखान्याने खो-खोचे नियम सिद्ध केले. पुढे १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापले. मैदान किती लांबरुंद, गडी किती, बाद कोणास म्हणावे, हे प्रथमच कागदावर आले. त्यामुळे एका गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊन भांडणावाचून खेळू शकला. हा लाभ लहान नव्हे. परंतु हे सर्व घडले ते शहरात, शिकलेल्या मंडळींच्या हातून.

याच जिमखान्याच्या शर्यतींत पहिल्या महायुद्धानंतर एक उद्बोधक गोष्ट घडली. सर दोराबजी टाटा तेथे अध्यक्ष होते. धावावयास आलेले बहुतेक तरुण शेतकऱ्यांची पोरे होती. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली, अनवाणी धावणारी. पाश्चात्य नियमांची त्यांना ओळख नव्हती, तरी त्यांचा वेग पाहून टाटा चकित झाले. त्यांतूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी संघ धाडण्याची खटपट झाली. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले; मल्ल रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. नियम शहराचे आणि पाय खेड्याचे, अशी ही जोडी तेव्हाच जमली. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हेही कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचेच.

मुलांची पाळी मात्र उशिरा आली. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास झाली ती पुरुषांची. स्त्रिया त्यानंतर आल्या, कुमार त्यांच्याही मागून, आणि मुली कुमारांच्याही नंतर. आज किशोर गटातील उत्तम खेळाडूला ‘भरत’ आणि किशोरीला ‘इला’ या नावाचा पुरस्कार दिला जातो. जे पोर सर्वांत आधी खेळू लागते, त्याची नोंद संघटनेने सर्वांत शेवटी घेतली!

आजची स्थिती काय आहे? शहरातल्या मुलाला प्रशिक्षक आहे, गणवेश आहे, शुल्क भरणारे आईबाप आहेत. नाही ते मैदान. खेड्यातल्या मुलाला उघडे माळरान आहे. पण शिकविणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळेल याची खात्री नाही, आणि मुलगी जरा मोठी झाली की तिच्या डोक्यावर हंडा येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण हवे असे सांगितले. पण कायद्यातले मैदान आणि पायाखालचे मैदान यांत अंतर असते. माण तालुक्यातल्या ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनी त्याच शर्यतीत २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. आपण त्यांचे सत्कार करतो, हे योग्यच आहे. परंतु अशी किती पावले पहिल्या रेषेपर्यंत पोचलीच नाहीत, हा प्रश्न सत्काराच्या हारांखाली झाकून जाऊ नये.

संघटित खेळ नकोत, असे आमचे म्हणणे नाही. नियम आला म्हणूनच दुबळ्याला पाळी मिळाली आणि मुलीला मैदान मिळाले. आमचा आक्षेप इतकाच की, आठ-दहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात आपण फार लवकर पदकाची आशा अडकवितो, आणि जे पदक आणणार नाही त्याला बाजूला बसवितो. खो-खोत बसलेला गडीही खेळातच असतो. पाठीवर थाप पडताच त्याने उठून धावावयाचे असते. आपल्या गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या किती पोरांच्या पाठीवर अशी थाप पडते, याचा विचार श्रोत्यांनी घरी जाताना करावा, एवढीच आमची विनंती आहे.