पावशेर तुपाचे देणे

सोमवारी बेल्ह्याचा बाजार भरतो. दुष्काळाच्या साली बैल मातीमोल होतात आणि कडब्याची पेंढी परवडत नाही. दावणीची जोडी विकून रिकाम्या कासऱ्यानिशी परतणारा माणूस वाटेतल्या देवळापाशी थांबतो आणि एवढेच म्हणतो, ‘आता तूच काय ते सांग, बाबा.’ या विचारण्याला उत्तर मिळते का, आणि मिळाले तर कोणत्या रूपात, याची मराठीतली सर्वांत प्रामाणिक नोंद माझ्या मते तुकोबांच्या अनुग्रहाच्या अभंगात आहे. आमच्या भागाशी तिचे नातेही आहे. बेल्ह्याहून नगर-कल्याण रस्त्याने मावळतीकडे निघाले की आळे लागते. ज्ञानोबांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी तिथे दाखवतात. पुढे आळेफाटा ओलांडून ओतूर. तिथे मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांच्या स्वप्नात येऊन ज्यांनी अनुग्रह दिला ते गुरू हेच, अशी परंपरा आहे.

अभंग सात कडव्यांचा. तो वाचण्याआधी १६३० ते १६३२चा दुष्काळ डोळ्यांसमोर हवा. देहूच्या या वाण्याचा व्यापार बसला, अब्रू गेली, बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच दुसऱ्या एका अभंगात सांगितले आहे.

पहिले कडवे. गुरूने माझ्यावर खरोखर कृपा केली, माझ्या हातून मात्र काही सेवा घडली नाही, असा त्याचा अर्थ. कृपेचे सांगून होते न होते तोच आपली उणीव पुढे येते. संकटातल्या माणसाला मनातून वाटत असते की आपण पुरेसे काही केले नाही म्हणून देव बोलत नाही: उपास चुकला, वारी राहिली. तुकोबा हा हिशेब पहिल्याच ओळीत मोडतात. सेवा शून्य, तरी कृपा झाली. अभंगातली पुढची सगळी कडवी या एका विषम व्यवहाराचा तपशील आहेत.

दुसरे कडवे. गंगास्नानाला जाताना वाटेत गाठ पडली आणि मस्तकावर हात ठेवला गेला. आपल्याकडे गंगा म्हणजे कोणतीही नदी. इंद्रायणी गंगा आणि मांडवीही गंगाच. स्नानाला कोण निघाले होते, गुरू की शिष्य, हे वाक्यरचनेवरून नक्की ठरत नाही. दोन्ही अर्थ लावता येतात. मला महत्त्वाचे वाटते ते क्रियापद. ते ‘सापडणे’ या धातूचे प्रयोजक रूप आहे. तुकोबा शोधत होते असे ते म्हणत नाहीत, सापडवले गेले असे म्हणतात. रानात चुकलेले वासरू गुराख्याला सापडते तेव्हा त्यात वासराची हुशारी नसते.

तिसरे कडवे. इथे मी नेहमी थांबतो. गुरूने जेवणासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला. ज्याच्या घरात दाण्यांचे मडके खडखडत होते त्याच्याकडे तूप मागितले जाते! आणि तेही मोघम नाही, माप सांगून. वाण्याच्या कानाला माप लगेच कळते. पावशेर ही घाऊक देणगी नव्हे. एका माणसाच्या काही दिवसांच्या जेवणापुरते हे तूप आहे. मागणाऱ्याने शिष्याची ऐपत ओळखून मागितले आहे.

आणि तेवढेही दिले गेले नाही. संतचरित्रात असा प्रसंग झाकायला हरकत नव्हती. एखाद्या चरित्रकाराने इथे तुपाचा घडा आपोआप भरवला असता. तुकोबांनी विसर जसाच्या तसा लिहून ठेवला. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. लोकांकडचे येणे सोडून मोकळ्या झालेल्या या माणसाने स्वतःकडचे एक देणे मात्र जपून नोंदवले आहे. हा सबंध अभंगच मला खतावणीतल्या नोंदीसारखा वाटतो: कोण भेटले, काय मागितले, किती, काय दिले, तिथी, वार. देव आडवेळेला काही मागतो आणि आपण आपल्याच घोरात ते विसरतो, हे तर घरोघर घडते. आमची आजी या अनुग्रहाच्या तिथीला, माघ शुद्ध दशमीला, पंगतीत फिरताना प्रत्येकाच्या भातावर पळीभर तूप जास्तच सोडायची. ‘तुकोबांचं राह्यलंय,’ म्हणायची. आईने एकदा तुपाचा भाव काढला तेव्हा तिने पळी थांबवली नाही. तिचे भाष्य माझ्यापेक्षा सरस होते.

चौथे कडवे. काहीतरी अंतराय आला म्हणून घाई झाली असावी, असा कयास. तुकोबांनाही कारण कळलेले नाही. जाग येऊन स्वप्न विरताना माणूस जसा चाचपडतो, तसे हे कडवे आहे. त्यात अधिक काही भरू नये.

पाचवे आणि सहावे कडवे एकत्र घ्यावी लागतात. राघव चैतन्य आणि केशव चैतन्य ही नावे सांगून परंपरेची खूण पटवली, मग आपले नाव बाबाजी म्हणून सांगितले आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. केशव चैतन्य आणि बाबाजी एकच की दोन, हा अभ्यासकांचा वाद आहे. कडव्यांचा ओघ पाहता मी दोन मानतो. पण भाविकाने पाहावे ते दुसरेच. खचलेल्या माणसाला पुढच्या प्रवासाचा नकाशा मिळालेला नाही. दुकान चालवू की बंद करू, रान धरू की घर, यातल्या कशाचेही उत्तर गुरूने दिले नाही. आपल्या आधी या वाटेने कोण गेले त्यांची नावे दिली, आणि तोंडात धरायला एक नाम दिले. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी ही साखळी मागे ज्ञानोबांपर्यंत नेऊन भिडवली आहे. त्यांनाही तुकोबांचा उपदेश स्वप्नातच मिळाला, कोल्हापुरात, लाडके वासरू गेल्याच्या दुःखात. एकट्या पडलेल्या जिवाला ओळीत बसवणे, हेच इथले मार्गदर्शन.

आणि मंत्र तरी कोणता? नवा नाही. जोडून येणाऱ्या अभंगात तुकोबा सांगतात की गुरूने मनातला भाव ओळखून आवडीचा, सोपा मंत्र दिला, कशाचा गुंता होऊ नये असा. देहूला त्यांच्या पूर्वजांचे, विश्वंभरबाबांचे विठ्ठलाचे देऊळ होते. हरिनाम त्यांनी पाळण्यात ऐकलेले. बाहेरून आलेल्या आवाजाने घरातलेच धन हातात ठेवले. कठीण प्रसंगी देव काही अपूर्व सांगेल म्हणून कान टवकारून बसणाऱ्यांनी या कडव्याशी थोडा वेळ घालवावा, असे मला मनापासून वाटते.

सातवे कडवे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. महिना आहे, पक्ष आहे, तिथी आहे, वार आहे, पण साल नाही. म्हणून अभ्यासक पंचांगाचे गणित मांडत बसले. माणूस मात्र आपले मोठे दिवस असेच लक्षात ठेवतो. आमच्याकडचा म्हातारा विहिरीला पाणी लागलेली तिथी आणि वार सांगेल, साल विचारले की बोटे मोजू लागेल.

शेवटचा शब्द अंगीकाराचा. त्या वाक्यात कर्ता उघड नाही. गुरूने शिष्याला पदरात घेतले, की शिष्याने मंत्र पत्करला? मराठीत दोन्ही अर्थ बसतात, आणि तुकोबांनी निवड केलेली नाही. पहिल्या कडव्यातला विषम व्यवहार इथे मिटतो असेही म्हणता येत नाही, कारण तूप दिल्याचे कुठेच लिहिलेले नाही. अभंग गुरुवारपाशी थांबतो. शुक्रवारी सकाळी घरात दाणे होते का, सावकार दारात आला का, पाऊस कधी पडला, याची नोंद त्यात नाही.