चाकांवरच्या घराचा विजेचा हिशेब

चेन्नईच्या एग्मोर स्थानकात इंजिन जोडण्यापूर्वीच उभ्या असलेल्या पारंपरिक डब्यांत दिवे आणि पंखे सुरू असतात. ही वीज डब्याखाली बसविलेल्या बॅटरीतून येते. स्वतःची वीज सोबत घेऊन फिरणाऱ्या वाहनाची ही जुनी, परिचित व्यवस्था आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्याच वर्षी केरळनेही असेच धोरण जाहीर केले. त्यामुळे विजेच्या जोडणीपासून दूर मुक्काम करणाऱ्यांनाही रेल्वेच्या या व्यवस्थेची माहिती उपयुक्त ठरेल.

रेल्वेने शोधलेले मार्ग

एग्मोर स्थानकाची इमारत १९०८ मध्ये सुरू झाली. चेन्नई बीच ते तांबरम हा एग्मोरवरून जाणारा मीटरगेज मार्ग १९३१ मध्ये विद्युतीकृत झाला. साउथ इंडियन रेल्वेच्या तेव्हाच्या विद्युत इंजिनांना बॅटरी असलेला छोटा डबा जोडण्याची सोय होती. वरून तार नसलेल्या रुळांवर इंजिन त्या साठ्यावर चालत असे.

चेन्नईच्याच इंटिग्रल कोच फॅक्टरीत तयार झालेल्या पारंपरिक डब्यांत चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर असतो. गाडी धावत असताना तो वीज निर्माण करतो व बॅटरी भारित करतो. गाडी थांबली की डबा बॅटरीवर येतो. साध्या डब्यात ११० व्होल्ट, १२० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे सुमारे १३ युनिट विजेचा साठा असतो. वातानुकूलित डब्यासाठी मात्र १,१०० अँपिअर-तासांची, सुमारे १२१ युनिटांची बॅटरी आणि प्रत्येकी २५ किलोवॅटचे दोन अल्टरनेटर लागतात. डबा फलाटावर उभा असताना तो आधीच थंड करण्यासाठी बाहेरून वीज दिली जाते. गारवा ही साठ्यावर चालवण्याची गोष्ट नव्हे, हे रेल्वेने फार पूर्वीच ओळखले आहे.

कॅराव्हॅनचे अंदाजपत्रक

कॅराव्हॅनमध्ये साधारणतः १२ व्होल्टची व्यवस्था असते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज मावते. शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य घटते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीतील सुमारे ८० टक्के वापरता येते. हाताशी असलेला साठा त्यामुळे अनुक्रमे ०.६ आणि सुमारे १ युनिट इतकाच राहतो.

आता एका दिवसाचा खर्च पाहू. पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर ०.१ युनिट, ३० वॅटचा पंखा आठ तास चालवला तर ०.२४ युनिट, आणि दोन मोबाइल संच भारित करण्यासाठी सुमारे ०.०३ युनिट वीज लागते. ५० वॅटचा छोटा शीतकपाट दिवसातले निम्मे तास चालला, तर एकट्यासाठी ०.६ युनिट लागते. एकूण खर्च ०.९७ युनिट होतो. शिसे-आम्ल बॅटरी एवढ्यासाठी अपुरी पडते. लिथियम बॅटरी पुरते, पण राखीव काहीच उरत नाही. शीतकपाटात इन्सुलिन ठेवलेले असेल, तर हा हिशेब आरोग्याचाही असतो.

भरपाईचे दोन मुख्य मार्ग आहेत. १०० वॅटचे सौर पॅनेल चेन्नईसारख्या ठिकाणी निरभ्र दिवशी सुमारे ०.४ युनिट देते. वरील खर्चासाठी ३०० वॅटचे पॅनेल योग्य ठरते. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पावसाने आकाश झाकोळलेले असते, तेव्हा दोन-तीन दिवसांचा साठा किंवा बाहेरील जोडणी हवी. दुसरा मार्ग रेल्वेच्या डब्यासारखाच आहे: प्रवासात वाहनाच्या अल्टरनेटरने घरातील बॅटरी भारित करणे. मात्र ही बॅटरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीपासून विलग राहील अशी जोडणी असावी; नाहीतर रात्रभर पंखा चालेल, पण सकाळी गाडी सुरू होणार नाही.

बॅटरीवर काय चालवू नये

एक टनी वातानुकूलन यंत्राला तासाला साधारण एक ते सव्वा युनिट वीज लागते. म्हणजे वरील शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास पुरेल. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टवर सुमारे १६७ अँपिअर प्रवाह ओढते. बारीक तारा त्याने तापून आग लागू शकते. यंत्र गार हवेसाठी असो वा स्वयंपाकासाठी, त्याला बाहेरील वीज घ्यावी. स्वयंपाक गॅसवर करायचा झाल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सुरक्षेचे तीन नियम कधीही मोडू नयेत. बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज बसवावा. भारित होताना हायड्रोजन सोडणारी शिसे-आम्ल बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. इंधनावरील जनित्र वाहनात किंवा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि बंदिस्त जागेत झोपलेल्यांना तो प्राणघातक ठरतो.

बॅटरी वीज निर्माण करत नाही, ती फक्त सांभाळून ठेवते. म्हणून निघण्यापूर्वी दिवसाचा खर्च कागदावर मांडावा, जमेची बाजू तपासावी, आणि तूट दिसल्यास आधी उपकरण कमी करावे, मग बॅटरी वाढवावी.