उदरद्वार व त्याची शुश्रूषा : मिरजेच्या निमित्तानें कांहीं विचार

इ. स. १८९७ हें साल मिरजेच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नांवानें छापण्यास आरंभ केला. आणि त्याच वर्षीं डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांनीं, १८९४ त उघडलेल्या आपल्या मिशन रुग्णालयास जोडून, वैद्यकीय शाळा काढली. पहिल्या कार्याची महती आमच्या वाचकांस सांगणें नको. दुसऱ्याकडे मात्र इतिहाससंशोधकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. त्यांतील एका अंगाचा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा, विचार येथें एका उदाहरणानें करावयाचा आहे.

आंतड्याचा कर्करोग, आंतड्यास पडलेला पीळ, मोठी जखम किंवा जन्मतःच गुदद्वार नसणें अशा प्रसंगीं शल्यवैद्य आंतड्याचें तोंड पोटाच्या भिंतींतून बाहेर काढून त्वचेस शिवतात. यास स्टोमा म्हणतात. आम्ही त्यास उदरद्वार म्हणूं. तेथें आवरून धरणारा स्नायु नसतो. म्हणून मल आपोआप बाहेर येतो व तो पिशवींत घ्यावा लागतो.

हा उपाय सुश्रुतास ठाऊक होता, असें आपल्याकडे कोणी अभिमानानें म्हणतात. मूळ पाहतां तें टिकत नाहीं. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायांत बद्धगुद व परिस्रावी उदरांवर शस्त्रकर्म सांगितलें आहे, हें खरें. नाभीखालीं डाव्या बाजूस पोट चिरावें, आंतडें चार अंगुळें बाहेर काढून तपासावें, अडथळा दूर करावा. छिद्र असल्यास त्याच्या कडा जुळवून त्यांस काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा व मुंग्यांचीं धडें तोडून मुंडकीं तशींच ठेवावीं, असा तो विधि आहे. परंतु शेवटीं आंतडें आंत घालून पोट शिवावयाचें आहे. द्वार उघडें ठेवावयाचें नाहीं. तेव्हां हें उदरद्वार नव्हे. ज्या ग्रंथाची इ. स. ८७८ ची पोथी नेपाळांत आजही सुरक्षित आहे, त्यास खोट्या श्रेयाची गरज नाहीं.

त्याचें खरें श्रेय निराळें आहे. पोट शिवल्यावर रोग्यास निवाऱ्याच्या खोलींत ठेवावें, पथ्याचे नियम समजावावे, दुधावर ठेवावें, हेंही तेथेंच सांगितलें आहे. चिकित्सेचे चार पाद मानून आपल्या शास्त्रकारांनीं परिचारकास वैद्याच्या पंक्तीस बसविलें. चरकानें तर उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शौच हे त्याचे चार गुण सांगितले.

युरोपांत लिट्र यानें इ. स. १७१० त उदरद्वाराची कल्पना मांडली. इ. स. १७९३ त ब्रेस्ट येथें ड्युरे यानें गुदद्वार नसलेल्या तीन दिवसांच्या बालकावर ती यशस्वी केली. तें बालक पुढें पंचेचाळीस वर्षें जगलें. परंतु शस्त्र पुढें गेलें आणि शुश्रूषा मागें राहिली. दीड शतकाहून अधिक काळ रोग्यांनीं चिंध्या, कापूस, डबे यांवर निभावलें. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना इ. स. १९५४ त डेन्मार्कांतील एलिसे सोरेन्सन या परिचारिकेस, स्वतःच्या बहिणीची अडचण पाहून, सुचली. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें डॉ. टर्नबुल यांनीं इ. स. १९५८ त नॉर्मा गिल या बाईंस या कामासाठीं नेमिलें. त्या स्वतः उदरद्वार असलेल्या रोगी होत्या. तेथूनच या शुश्रूषेचें स्वतंत्र शास्त्र झालें. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें अशा रोग्यांचें चिकित्सालय व परिचारिकांचें शिक्षण या दोहोंची सोय केली.

या परिचारिकेचें काम शस्त्रक्रियेच्या आधींच सुरू होतें. ती रोग्यास बसवून, उभें करून, वांकवून पोटावर खूण करते. धोतराचा कांचा किंवा लुगड्याच्या निऱ्या जेथें येतात, कातडीस जेथें घडी पडते, ती जागा टाळावी लागते. पुढें द्वाराचें माप घेऊन पिशवीची चकती तंतोतंत कापणें आलें. कारण लहान आंतड्याचा पातळ मल पाचकरसांमुळें कातडी जाळतो. पिशवी तिसरा हिस्सा भरतांच रिकामी करावी, पाणी व मीठ कमी पडूं देऊं नये, हें ती शिकविते. सर्वांत कठीण काम म्हणजे, 'आतां मला पंक्तींत कोण बसवील?' या प्रश्नास उत्तर देणें. सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या घरांत हा प्रश्न जखमेहून खोल असतो. येथें चरकाचा अनुराग व शौच हे गुण शब्दशः कसास लागतात.

आतां मिरजेकडे वळूं. वैद्यकीय शाळेबरोबर परिचारिकांच्या शिक्षणाचीही परंपरा येथें रुजली. इ. स. १९६२ त सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. पुढें कर्करोगाचें रुग्णालयही झालें. शस्त्रक्रियेसाठीं दूरदूरचे रोगी या गांवीं येत आले आहेत. वानलेस यांचें नांव वानलेसवाडीच्या रूपानें लोकांच्या तोंडीं राहिलें. ज्यांनीं रात्री जागून पट्ट्या बदलल्या, त्यांचीं नांवें मात्र वस्त्यांना मिळत नाहींत. तीं राहिलींच तर पाळीच्या वह्यांत आणि घरोघरच्या पेट्यांत राहतात.

असो. संग्राहकांस आमची विनंती इतकीच. परिचारिकांच्या वह्या, शिकवणुकीच्या टिपा, जुन्या पिशव्यांचे व पट्ट्यांचे नमुने, पत्रें हीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. रोग्यांचीं नांवें झांकून ठेवावीं. त्यांची लाज राखणें हाही शुश्रूषेचाच भाग आहे. खरेशास्त्र्यांनीं पटवर्धनांचे कागद वाचविले म्हणून मराठ्यांच्या मोहिमा आपणांस कळल्या. रोग्यास पुन्हां पंक्तींत बसविणें हीही एक मोहीमच आहे, आणि तिचे कागदही दप्तराच्या योग्यतेचे आहेत.