खात्याला कुलूप : किती चुकांनंतर, किती वेळ?

एटीएमवर पिन वारंवार चुकला की कार्ड काही काळ निरुपयोगी होते. चार आकडी पिनच्या शक्यता अवघ्या १०,०००. तरीही तो सुरक्षित राहतो, तो या बंधनामुळेच. संगणकावरील खात्यालाही असेच बंधन घालता येते. त्यालाच ‘अकाउंट लॉकआउट पॉलिसी’ म्हणतात.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’मधील ‘अकाउंट पॉलिसीज’ या विभागात ती आढळते. तिचे तीन प्रमुख घटक असे :

* थ्रेशोल्ड : किती चुकांनंतर खाते बंद व्हावे, ती मर्यादा. येथे शून्य ठेवल्यास खाते कधीच बंद होत नाही.
* ड्युरेशन : खाते किती मिनिटे बंद राहावे. येथे शून्य दिल्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने उघडेपर्यंत ते बंदच राहते.
* रिसेट काउंटर : चुकांची मोजणी किती मिनिटांनी पुन्हा शून्यावर यावी.

विंडोज ११च्या २०२२ मधील आवृत्तीपासून नव्या संगणकांवर ही मूल्ये मुळातच १० चुका, १० मिनिटे आणि १० मिनिटे अशी असतात. याचा अर्थ, हल्लेखोराला दिवसभरात साधारण १,४४० प्रयत्न करता येतात. इंग्रजीतील आठ लहान अक्षरांच्या पासवर्डच्या शक्यता २०,८८२ कोटींहून अधिक आहेत. या वेगाने त्या सर्व तपासण्यास सुमारे चार लाख वर्षे लागतील! मात्र पासवर्ड ‘१२३४५६’ असेल, तर पहिल्या दहा प्रयत्नांतच घात होईल.

मग मर्यादा तीनच चुकांची का ठेवू नये? कारण हे कुलूप दुधारी आहे. कोणीही खोडसाळपणे चुकीचे पासवर्ड देऊन दुसऱ्याचे खाते बंद पाडू शकतो. पगाराच्या दिवशी लेखा विभागाचीच खाती बंद झाली, तर काम ठप्प होते. पासवर्ड बदलल्यावर मोबाइलमध्ये राहिलेला जुना पासवर्डही नकळत हेच घडवतो.

शिवाय, एकच सोपा पासवर्ड शेकडो खात्यांवर एकेकदा वापरून पाहणारा हल्लेखोर या मर्यादेत सापडत नाही. पासवर्डच्या चोरलेल्या नोंदी स्वतःच्या यंत्रावर फोडणाऱ्याला तर ही मर्यादा लागूच होत नाही.

तेव्हा मर्यादा दहाच्या आसपास ठेवावी, बंद झालेल्या खात्यांच्या नोंदी नियमित पाहाव्यात आणि पासवर्ड लांब निवडावा. कुलूप चोराला थोपवते; पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवली असेल, तर त्याचा काय उपयोग?