विकेंद्रित समाजमाध्यमे, राजकीय मतभिन्नता आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : २०१९ मधील दोन स्थलांतरांचा अभ्यास

प्रस्तावना

समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तीच्या चर्चेत साधारणतः दोनच सत्ता गृहीत धरल्या जातात : एक शासनाची आणि दुसरी फेसबुक, ट्विटर यांसारख्या बलाढ्य कंपन्यांची. या दोहोंच्या पकडीतून सुटण्याचा मार्ग म्हणून विकेंद्रित समाजमाध्यमांकडे पाहिले गेले. अशा माध्यमाला एक मालक नसतो. निरनिराळ्या व्यक्ती व संस्था आपापले सर्व्हर चालवितात आणि एका समान प्रोटोकॉलच्या आधारे ते परस्परांशी जोडलेले असतात. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे यातील सर्वाधिक परिचित उदाहरण होय. त्यास आधारभूत असलेल्या ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली.

या व्यवस्थेत परस्परविरोधी राजकीय मतांना कितपत जागा मिळते, याचा विचार प्रस्तुत निबंधात २०१९ मधील दोन स्थलांतरांच्या आधारे केला आहे. मालक गेला तरी निवडीचा अधिकार कोणाकडे तरी उरतोच. आणि तो बोलण्यापेक्षा ऐकू येण्याच्या टप्प्यावर वापरला जातो, असे या दोन्ही घटनांवरून दिसते.

यूजनेटचा वारसा

विकेंद्रित संवादाची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये यूजनेटची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते प्रत्यक्षात आले. प्रत्येक केंद्र संदेशांची प्रत स्वतःकडे ठेवी व शेजारच्या केंद्राला पुढे पाठवी. कोणता चर्चागट आपल्याकडे ठेवायचा, हे त्या त्या केंद्राचा व्यवस्थापक ठरवीत असे. कागदोपत्री सारी केंद्रे समान होती. व्यवहारात मात्र दूरध्वनीचा मोठा खर्च सोसणाऱ्या मोजक्या केंद्रांच्या व्यवस्थापकांचा शब्द निर्णायक ठरे. त्यांच्या नापसंतीला वळसा घालण्यासाठीच १९८७ मध्ये ‘आल्ट’ ही गटांची स्वतंत्र शाखा निर्माण झाली. यूजनेटवर ‘सॉक. कल्चर. इंडियन. मराठी’ असा मराठीभाषकांचाही एक गट होता. केंद्रसत्ता नसलेल्या जागी खर्च उचलणारा सत्ताधीश होतो, हा यूजनेटचा धडा पुढील पिढीच्या माध्यमांना पुन्हा नव्याने गिरवावा लागला.

पहिले स्थलांतर : गॅब

२०१६ मध्ये स्थापन झालेले गॅब हे अमेरिकी समाजमाध्यम निर्बंधरहित अभिव्यक्तीचा दावा करीत असे. अतिउजव्या गटांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर आश्रय घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्ग येथील ज्यू प्रार्थनास्थळात ११ जणांची हत्या झाली. हल्लेखोराने तत्पूर्वी गॅबवर संदेश लिहिला असल्याचे उघड होताच अनेक सेवापुरवठादार कंपन्यांनी गॅबशी संबंध तोडले. जुलै २०१९ मध्ये गॅबने मॅस्टोडॉनची मुक्त आज्ञावली स्वीकारली. ही आज्ञावली कोणालाही वापरता येत असल्याने तिच्या निर्मात्यांनाही गॅबला अडविता येईना.

त्यांनी जाहीर विरोध नोंदविला. पुढची कारवाई कोणा एकाच्या आदेशाने झाली नाही. बहुसंख्य सर्व्हरचालकांनी आपापल्या पातळीवर गॅबशी जोडणी नाकारली आणि काही ॲपनिर्मात्यांनी आपल्या ॲपमधून गॅबचा प्रवेशच बंद केला. गॅबचे सदस्य पूर्वीइतकेच बोलत राहिले. त्यांचे बोलणे भिंतीपलीकडे जाईनासे झाले. पुढे २०२० मध्ये गॅबने स्वतःच ही जोडणी सोडली.

राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे ‘संघीय’ ही संज्ञा काहीशी फसवी वाटेल. या संघराज्याला केंद्र सरकार नाही, समान नागरिकत्व नाही, न्यायालय तर नाहीच. कोणतेही घटकराज्य रातोरात आपली सीमा बंद करू शकते. द्वेषमूलक मजकुराबाबत हा निर्णय समर्थनीयच होता. तथापि, हेच हत्यार सौम्य मतभेदांतही उपसले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्रकारांसाठी स्थापन झालेल्या ‘जर्ना. होस्ट’ या सर्व्हरशीही अनेकांनी जोडणी तोडली. एका वादग्रस्त संदेशाची किंमत तेथील साऱ्या पत्रकारांना मोजावी लागली. त्याच सुमारास वंशभेदाच्या अनुभवांवर लिहिताना त्यावर आशयसूचनेचा पडदा टाकण्यास सांगितले जाते, अशी तक्रार अनेक कृष्णवर्णीय सदस्यांनी केली. बहुसंख्याकांची शिष्टाचाराची कल्पना हाच येथे नियम झाला होता.

दुसरे स्थलांतर : भारतीय वापरकर्ते

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले. निमित्त होते १९३६ मधील हॅम्बुर्ग येथील छायाचित्राचे. जमावात नाझी सलामी नाकारून हात बांधून उभा असलेला त्यातील कामगार ऑगस्ट लांडमेसर म्हणून ओळखला जातो. नाझीवादाला नकार देणारे चित्र द्वेषमूलक ठरविण्यात आले, यातच यांत्रिक नियमनाची मर्यादा स्पष्ट होते. त्यानंतर हिंदी कवी गोरख पांडे यांच्या फाशीविषयक कवितेसंबंधीच्या एका जुन्या संदेशावरून पुन्हा निलंबन झाले. हेगडे यांनी डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

याच आठवड्यांत दुसरा, अधिक मूलगामी आक्षेप पुढे आला. पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावरील निर्बंधानंतर दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी ट्विटरच्या निळ्या खुणेच्या वाटपातच जातीय पक्षपात असल्याचा आरोप केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय वापरकर्ते मॅस्टोडॉनकडे वळले. तेथे कंपनीने बहाल केलेली निळी खूण नव्हती. मात्र मंत्री, पोलीस, रेल्वे, वृत्तसंस्था हे सारे ट्विटरवरच राहिले. आणि ज्याला जाब विचारायचा तोच समोर नसेल, तर विचारणाऱ्याचे स्वातंत्र्य कोरडे राहते. अल्पावधीत हा ओघ आटला.

साधनांच्या मालकीचा प्रश्न

येथे महाराष्ट्राच्या वृत्तपत्र-इतिहासातील एक प्रसंग आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. इतरांच्या पत्रात जागा मागण्याऐवजी स्वतःचे पत्र काढणे, हे विकेंद्रीकरणच होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. तरीही १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले.

मॅस्टोडॉनच्या जगातही हीच अडचण आहे. निळ्या खुणेची विषमता तेथे नाही. परंतु सर्व्हर चालविण्यास तांत्रिक ज्ञान, बहुधा इंग्रजी, नियमित पैसा आणि नियमनासाठी फुरसत लागते. ही साधने समाजात कशी वाटली गेली आहेत, हे वेगळे सांगावयास नको. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत समाविष्ट होणाऱ्या सर्व्हरवर २०१९ च्या करारनाम्याने तीन अटी विशेषत्वाने घातल्या : वंशभेद, लिंगभेद आदींविरुद्ध सक्रिय नियमन, दररोज प्रत जतन करणे आणि बंद करण्यापूर्वी किमान तीन महिन्यांची सूचना. तिसरी अट बोलकी आहे. सर्व्हर बंद पडणे हा अपवाद नसून नित्याचा संभव आहे, हे तीत गृहीतच धरले आहे.

कायद्याचे ओझेही याच चालकावर पडते. श्रेया सिंघल खटल्यातील २०१५ च्या निकालाने, न्यायालय वा शासनाच्या आदेशाखेरीज मजकूर हटविण्याच्या सक्तीतून मध्यस्थांना दिलासा दिला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत भारतीय वापरकर्ते असलेल्या मध्यस्थांसाठी कठोर तरतुदी केल्या. त्यांतून लहान सर्व्हर सुटतात. परंतु तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करण्याचे बंधन सर्वच मध्यस्थांना लागू करण्यात आले. बलाढ्य कंपनी त्यासाठी पगारी अधिकारी नेमते. भारतात दोनशे सदस्यांचा सर्व्हर स्वखर्चाने चालविणाऱ्या शिक्षकाला मात्र तेथे स्वतःचेच नाव लिहावे लागेल, आणि सदस्यांपैकी कोणी लिहिलेल्या राजकीय मजकुरावरून आलेली पहिली नोटीसही त्याच नावावर येईल.