टोकनाआधी हक्क

लहान उद्योजकाची अडचण जुनीच आहे. बँक तारण मागते. शेअर बाजारात उतरायचे, तर वकील, लेखापरीक्षक आणि मर्चंट बँकर यांचा खर्च उभारायच्या रकमेच्या मानाने डोईजड होतो. सिक्युरिटी टोकन या विषयाचे मूळ या खर्चात आहे. बिटकॉइनच्या भावाच्या ओढीने कोणी हे पुस्तक उघडले असेल, तर त्याची थोडी निराशा होईल.

आपल्याकडे 1996च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअरचा कागद गेला आणि डीमॅट खात्यातली नोंद आली. शेअर शेअरच राहिला. टोकनाचेही तसेच. इथे नोंदवही ब्लॉकचेनवर असते, आणि हस्तांतर, व्याजवाटप यांसारखी कामे जमेल तिथे प्रोग्रामवर सोपवलेली असतात.

बर्लिनच्या बिटबाँडचे उदाहरण घ्या. ही कंपनी लहान व्यावसायिकांना ऑनलाइन कर्जे देत असे. जानेवारी 2019मध्ये जर्मन वित्तनियामक 'बाफिन'ने तिच्या टोकनरूपी कर्जरोख्याचे माहितीपत्रक मंजूर केले. त्या देशात असे पहिलेच. टोकन एक युरोचे, मुदत दहा वर्षे, व्याज सालीना 4 टक्के, नोंद स्टेलर या ब्लॉकचेनवर. जमले सुमारे 21 लाख युरो. रक्कम मोठी नव्हे, पण तिने कायदेपंडितांना कामाला लावले. तेव्हाच्या जर्मन कायद्यात रोखा म्हटला की कागद आलाच. मग हे बिनकागदी टोकन नेमके कोण? जून 2021मध्ये इलेक्ट्रॉनिक रोख्यांचा कायदा आला आणि कर्जरोख्यांपुरता हा पेच सुटला.

कर्जरोख्यांपुरता, हे अधोरेखित करायला हवे. लहान कंपन्यांचा तिथला सर्वांत रूढ प्रकार म्हणजे 'जीएमबीएच'. तिच्यातला हिस्सा विकायचा तर आजही नोटरीपुढे बसावे लागते. म्हणजे अशी कंपनी टोकनावर कर्ज काढू शकते, मालकीत वाटेकरी घेणे मात्र तितके सोपे नाही. शेजारच्या स्वित्झर्लंडने फेब्रुवारी 2021पासून शेअरची नोंदही थेट ब्लॉकचेनवर करायला मुभा दिली. तंत्र दोन्हीकडे एकच, तरी उद्योजकाच्या हाती पडते ते वेगळे. या विषयाकडे संगणकशास्त्राच्या दारातून येणाऱ्यांना हे सहसा उशिरा कळते, म्हणून मी कायद्याचे प्रकरण आधी घेतले आहे.

रोखा कशाला म्हणावे, याची अमेरिकेतली कसोटी तर 1946च्या एका खटल्यातली, फ्लोरिडातल्या फळबागांच्या विक्रीवरून ठरलेली. दुसऱ्याच्या कष्टातून नफा मिळेल या आशेने सामाईक उपक्रमात पैसा गुंतवला, की तो व्यवहार रोख्यांच्या कायद्याखाली येतो. बागा की टोकन, याने फरक पडत नाही.

वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी. प्रत्येक टोकनापुढे दोन गोष्टी टिपाव्यात: कंपनी बुडाली तर दारातल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत आपण कितवे, आणि विकायचे झाले तर गिऱ्हाईक कुठे. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा बरेचदा कोरी राहील. ती तशीच राहू द्यावी.